रिकाम्या खुर्चीचा ट्रक

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
कन्नमवार नगरातल्या आमच्या दीड खोलीत
कॉम्प्युटर आपोआप जागा होतो.
आधी आतला पंखा खाकरतो,
मग पडद्यावर बर्फ,
बर्फात एक सोळाचाकी,
दिवे लावून, वळण घेत.

खुर्ची रिकामी.
पाठीवर माझा पंचा वाळत घातलेला.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा
मी पायातली चप्पल हातात घेतली होती.

हर्षला परळला, रक्तपेढीत, रात्रपाळीला.
पिशव्यांवर गटांची लेबलं लावून झाली
की अर्धा तास तिचा.
मोबाइल पोळीच्या डब्याला टेकवते
आणि तिथून हे धूड हाकते.
इंजिन विक्रोळीत, ड्रायव्हर परळला.

तिनं समजावलं होतं, चहात टोस्ट बुडवत:
"पप्पा, मी दाबते तिथे, दाबलं जातं इथे,
इथलं चित्र परत माझ्याकडे.
मध्ये फक्त चाळीस मिलिसेकंद."
टोस्ट तेवढ्यात तुटून चहात पडला.

बत्तीस वर्षं टेम्पो चालवला मी.
भिवंडी, तळोजा, कधी उरण.
मिलिसेकंद माहीत नाही, पण हा हिशेब माहीत आहे:
डोळ्याला दिसतं, पायाला कळतं,
तोवर गाडी पाच-सहा हात
पुढे गेलेली असते.
चौऱ्याण्णव साली
त्या पाच-सहा हातांत एक सायकल होती.
दूध सांडलं. माणूस उठून
मला आईवरून शिव्या देऊ लागला
आणि मला इतकं बरं वाटलं.
हे घरात कुणाला सांगितलेलं नाही.

लाईटबिल दोनशेनं वाढलंय.
तेही बोललो नाही.

मे महिन्यात एकदा अख्ख्या इमारतीची लाईट गेली.
मी झोपेत. अंधारात फोन:
"पप्पा, पंखा बंद पडला असेल. खिडकी उघडा."
माझ्या उशाशी आलेला काळोख
आधी तिला दिसला, परळला.

तर परवा.
पडद्यावर उतार, खाली नदी,
नदीवर लाकडी पूल,
आणि पोरगी पाचव्या गिअरात.
घाट कोण उतरतं पाचव्यात!
तेवढ्यात चित्राचे चौकोन झाले,
वरचा पेडणेकरांचा मुलगा काहीतरी डाउनलोड करत असणार,
आणि वळण डावीकडे, ट्रक सरळ.

आधी माझा उजवा पाय गेला खाली,
फरशीवर, गुडघ्याच्या ऑपरेशनसकट.
मग आठवलं, इथे ब्रेक बोटात असतो.
खालचा बाण दाबला.
दाबून धरला.

पुलाच्या तोंडाशी सोळाच्या सोळा चाकं
फुस्स करून थांबली.

फोन वाजला.
"ब्रेक तुम्ही मारलात?"
"उतार होता."
"दिसत होता मला."
"उशिरा दिसत होता."
ती गप्प. मागे फ्रिजची घरघर,
कुणीतरी ओ निगेटिव्ह आहे का विचारत होतं,
घाईघाईनं, दोनदा.
"ठेवते," म्हणाली. "मशीन बंद करू नका."

नाही केलं.
ट्रक तसाच उभा, इंजिन चालू,
मागे कुठल्या तरी थंड देशाचं लाकूड भरलेलं.
खुर्चीत बसावं असं एकदा वाटलं.
पंचा काढला, घडी केली,
पण जागा तिची आहे.
स्टूल ओढलं डाव्या बाजूला,
जिथे क्लीनर बसतो.
सोळाव्या वर्षी मीही तिथूनच सुरुवात केली होती,
उस्तादाला झोप लागू नये म्हणून
रात्रभर बोलत राहायचं, एवढंच काम.

काचेवर बर्फ साचत चाललाय.
वायपरचं बटण कुठलं,
ते सकाळी आली की विचारीन.